उलट्या बटणांचा कोट

मी चित्रातला माणूस बोलतोय. काळा कोट, झुपकेदार मिशा, चेहरा जरा रागीट. मनाने मात्र मी अगदी गरीब आहे.

ज्याने मला रंगवलं, त्याची खाली सही करायची राहूनच गेली. आधी मी एका दिवाणखान्यात होतो, मग माळ्यावर, आणि शेवटी या संग्रहालयात, जिन्याजवळच्या भिंतीवर. पाटीवर लिहिलं होतं: 'अनोळखी गृहस्थ. चित्रकार अज्ञात.' म्हणजे आगापिछा नसलेला! लोक माझ्यापुढे थांबायचे ते बुटाची नाडी बांधायला.

एके दिवशी संग्रहालयाचे साहेब शिपायाला म्हणाले, "सोमवारी हे तळघरात ठेवा. इथे नवं चित्र येतंय."

तळघरात गेलेलं चित्र परत वर आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

शनिवारी एका लेखनवर्गाची मंडळी आली. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आवडेल त्या चित्रासमोर बसा आणि सुचेल ते लिहा." सगळे समुद्राच्या भल्यामोठ्या चित्राकडे धावले. तिथे जागा उरली नाही, म्हणून एक शिंपीणमावशी नाइलाजाने माझ्यापुढे बसल्या. चाळीस वर्षं कोट शिवलेल्या बाईच्या नजरेतून काय सुटणार? त्यांनी मला चक्क पत्र लिहिलं आणि सर्वांना वाचून दाखवलं.

"दादा, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते. तुमची उजवी वर आहे. घाईघाईत वहिनींचा कोट घालून आलात वाटतं!"

हशा पिकला. तिथून चाललेले साहेबही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी मात्र हसता हसता थबकल्या. त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला, माझ्याकडे पाठ केली आणि खांद्यावरून मला आरशात पाहिलं. कोट एकदम सुलटा!

"अगं बाई, चुकलेच मी!" त्या म्हणाल्या. "यांनी आरशात बघून स्वतःलाच रंगवलंय. अनोळखी कसले? हेच चित्रकार!"

साहेब धावत जाऊन भिंग घेऊन आले. बटणं पाहिली, काजं पाहिली, मावशींचा आरसा मागून घेतला, आणि मग कुठे त्यांना पटलं. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं होतं. आनंदाने काय करू नि काय नको असं झालं, पण चौकटीत राहून करणार काय?

आता पाटी बदलली आहे: 'चित्रकाराने रंगवलेलं स्वतःचं चित्र'. शेजारी मावशींचं पत्र लावलंय, त्यातल्या चुकीसकट.

तुम्हीही कधी आलात तर माझ्यापुढे बसा, दोन ओळी लिहा. चुकलात तरी चालेल. मावशी आधी चुकल्या, म्हणून तर मी आज उजेडात आहे.