आमच्या गल्लीतला गळका पंप

मी एक जुना लेथ आहे. लोखंडी दांडा गरागरा फिरवून त्याला आकार देणं हे माझं काम. मित्रांनो, आज मला तुमच्याशी थोडं बोलायचंय.

आमची गल्ली पंपांची. कुणी बीडाचं लोखंड वितळवून साच्यात ओततं, कुणी मोटारीची तार गुंडाळतं. समोरचे रबरवाले काका दांड्याभोवती बसून पाणी अडवणारी रिंग बनवतात. माझी मालकीण, म्हणजे सगळ्यांची ताई, माझ्यावर पंपाचे दांडे घडवते. मी नवा होतो तेव्हा मला बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

मग पंप गळायला लागले. गिऱ्हाइकं ते परत पाठवू लागली.

"ताई, तुमचा लेथ म्हातारा झालाय. भंगारात काढा," काका म्हणाले.

"आणि तुमचं रबर काय अमृत पिऊन आलंय?" ताई कडाडली.

दोघांनी दारं लावून घेतली. भंगारवाल्याची हाळी ऐकली की मी जराही कुरकुर न करता फिरू लागे.

एकदा नळांना चकाकी देणारी पॉलिशवाली वहिनी पाना मागायला आली. सहज तिने दांड्यावर नख फिरवलं.

"ताई, स्क्रूला आटे असतात तसे बारीक चरे आहेत की यावर! दांडा फिरला की पाणी यांच्यावरूनच बाहेर सरकत असेल."

चरे माझेच होते! प्रत्येक लेथ ते सोडतोच, पण हे सांगणार कोणाला?

ताईने समोरचं दार ठोठावलं. काका झिजलेली रिंग घेऊन आले. वहिनीने दांडा घासून दिला, तर तो इतका गुळगुळीत झाला की त्यावर पाण्याचा ओलावाच टिकेना आणि रिंग कोरडी पडून जळाली. मग काकांनी रबर बदललं, वहिनीने घासणं कमी केलं. पुन्हा बिघडलं, पुन्हा केलं.

"एक थेंब नाही!" शेवटी काका ओरडले. थोड्याच दिवसांत सगळी गल्ली तसेच पंप बनवू लागली.

पण आता गल्ली मोडतेय; इथले कारखाने दुसरीकडे हलवतायत. ताईला गावाच्या एका टोकाला शेड मिळालीय, काकांना दुसऱ्या. वहिनीचं अजून ठरलेलंच नाही.

"फोन आहे की," काका म्हणाले.

"फोन करायला आधी काय विचारायचं ते ठाऊक हवं ना, काका?" ताई म्हणाली. "वहिनी तर नुसता पाना मागायला आली होती."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी कराच. पण उद्या कारखान्यांच्या जागा तुम्ही आखाल, तेव्हा एकमेकांवाचून ज्यांचं अडतं त्यांना हाकेच्या अंतरावर ठेवा. नव्या शेडकडे नेणारा ट्रक आलाय. ताई माझे बोल्ट सोडवतेय, आणि मला उचलायला काका बाह्या सरसावून उभे आहेत.