किटलीतलं बिऱ्हाड

हसू नका, मी किटलीच बोलतेय. तोटी तुटलेली, झाकण गंजून घट्ट बसलेलं, फळबागेच्या दगडी बांधात अर्धी रुतलेली. पण एके काळी बागवानाच्या घरात माझा केवढा मान होता!

आधण ठेवलं की त्याची बायको कान माझ्याजवळ आणायची. माझी गुणगुण वाढली की हाक मारायची, "अहो, या! ही गायला लागली." बागवान हातातलं खुरपं टाकून यायचा.

मग माझी तोटी मुळापासून तुटली. बागवान मला भंगारात टाकायला निघाला, तेव्हा तीच म्हणाली, "इतकी वर्षं राबलीय बिचारी. राहू द्या बागेतच." आणि तिने मला या बांधाच्या फटीत बसवलं.

बांधाच्या अलीकडे गवत, पलीकडे झुडपं. गवतात राखाडी, जाडजूड उंदीर राहायचे. झुडपांत लांब शेपटीचे, चिमुकले. राखाड्यांची प्रजा वाढली की बळी तो कान पिळी! चिमुकल्यांना ना गवताचं बी मिळे, ना बीळ. अशाच एका वर्षी एक चिमुकली तोटीच्या भोकातून माझ्यात शिरली. मागोमाग एक राखाडी आला. त्याचं नाक तेवढं आत गेलं, बाकीचा ऐवज बाहेरच राहिला. फार हसले मी! थंडगार पडलेल्या माझ्या पोटात पुन्हा ऊब आली.

त्याच वर्षी राखाड्यांनी कोवळ्या रोपांच्या साली कुरतडल्या. बागवान विषाची पुडी घेऊन तरातरा आला. बायकोने मला कान लावला.

"थांबा. आत बाळंतीण आहे. सुक्याबरोबर ओलंही जळेल."

"आणि माझी रोपं?"

"खोडांना पत्रा गुंडाळू. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. यांचाही जोर ओसरेल. पण किटलीत बिऱ्हाड आहे तोवर विष टाकायचं नाही."

बागवानाने कुरकुरत पुडी खिशात घातली. काही रोपं गेलीच, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या हिवाळ्यात राखाडी इतके विरळ झाले की चिमुकले थेट गवतात उतरले. माझ्यातलं बिऱ्हाडही गेलं. सुनं वाटलं, पण लेक माहेरी कायमची थोडीच राहते? राखाडी पुन्हा वाढले की तिच्या लेकी-नाती माझ्याकडे यायच्या.

आता ती कान लावणारी राहिली नाही. माझं मागणं एवढंच, की बांध आवरायला कोणी आलं, तर मला उचलण्याआधी कान लावा. आणि काही ऐकू आलं नाही, तर काल बागवानाने केलं तसं करा.

यंदा राखाडी पुन्हा माजलेत. काल बागवान एकटाच आला, हातात पुडी. गुडघे धरत बसला, माझ्यावर कान टेकवला. त्याला हल्ली ऐकू कमी येतं. आत आई पिलांना पोटाशी घेऊन गप्प बसलेली. वाटलं, एकदाच, फक्त एकदाच गाता यावं!

"कुणी नाही," तो पुटपुटला.

तो मान उचलणार इतक्यात एक पिल्लू वळवळलं. त्याच्या नखांची थरथर माझ्या पत्र्यातून बागवानाच्या गालाला लागली. बराच वेळ तो तसाच गाल टेकून राहिला. मग पुडी खिशात घालत हळूच म्हणाला, "आहे गं. आहे."