घुम्या मामाच्या गावाला

“ज्याचं पात्र, त्यानं वाचकांचा फोन सांभाळू नये बाई,” केशवकाका म्हणाले, तेव्हा तनुजा टेबलाखाली वाकून चार्जरचं बटण चाचपत होती. काका तीस वर्षं चित्रकथांच्या फुग्यांत अक्षरं भरत आले होते. असलं काही सांगताना ते कागदावरून मान वर करत नसत.

“काका, कुणी नावं ठेवली म्हणून रडायला मी काय कुक्कुलं बाळ आहे का?”

बटण सापडलं. फोन उजळला आणि तनुजाच्या पर्समध्ये गेला, तो गेलाच. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

‘फटफटी’ हे मुलांचं मासिक औरंगपुऱ्यात, वह्या-पेनांच्या एका दुकानाच्या माडीवरून निघायचं. अंक हातात पडला की पोरं त्या फोनवर आपल्या आवाजात निरोप पाठवत: कोण आवडलं, कोण नाही. नावडत्या पात्राला तात्यासाहेब मारू देत नसत. मालकच ते, पोरांच्या मासिकात मयत नको, हा त्यांचा दंडक. नावडतं पात्र शेवटच्या चौकटीत एसटीत बसे आणि मामाच्या गावाला जाई. वाचकांनी आग्रह धरला तर परत आणू, असं तात्यासाहेब दर वेळी म्हणत. आजवर अकरा जण गेले होते. एकही परतला नव्हता.

बारावा तनुजाचा होता.

“जूनच्या अंकात घुम्या एसटीत बसतो,” तात्यासाहेबांनी मे महिन्यातच सांगून टाकलं. “खिडकीची जागा द्या त्याला. आणि हसरा काढा, रडका नको.”

“आणखी दोन अंक बघू या ना, तात्यासाहेब.”

“जानेवारीपासून बघतोयच की. सायलीच्या धुरपाला महिन्याला तीनशे निरोप. तुमच्या घुम्याला किती?”

एकोणीस. त्यातले निम्मे ‘घुम्या बोअर मारतो’ असले. घुम्या हा न बोलणारा पोरगा. गावातला जो तो आपलं दुखणं-खुपणं त्याला सांगायचा आणि तो नुसतं ऐकायचा. तिच्या मते ते फार हळुवार काम होतं. उलट धुरपा रेड्यावर बसून मोटारचोरांच्या मागं लागायची आणि पानापानावर बोंबलायची, “धुरपा आली, पळा!”

समोरच्या टेबलावरून सायली म्हणाली, “ताई, घुम्याला आमच्या रेड्यावरून स्टँडपर्यंत सोडू का? पोरांना लई आवडंल.”

ती मनापासून म्हणाली, हेच जास्त झोंबलं.

“सोड की. नाहीतरी तुझ्या रेड्याला दुसरं काम काय असतं?”

सायली खळखळून हसली. टोमणा तिच्या अंगाला लागलासुद्धा नाही. तनुजाला लेक झाली त्या वर्षी ही पोरगी कामाला आली. पानाच्या चौकटी कशा पाडायच्या हे तनुजानंच तिला शिकवलं होतं. आता हिची झोप पुरी होते, केस धुतलेले असतात, आणि तनुजाची स्वतःची तीन वर्षांची लेक घरात पलंगावरून उड्या मारत ओरडते: “धुलपा आली, पला!”

फोनवर धुरपाचे निरोप तनुजा शेवटपर्यंत ऐकायची. एकेक दोन-दोनदा. कुठं तरी एखादं नाराज पोर सापडेल, मग ते तात्यासाहेबांना ऐकवता येईल. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसा अंगठा तिथंच जायचा. घुम्याच्या निरोपांची तऱ्हा निराळी. दोन सेकंद ऐकून ती पुढं सरके. जिथं कुणी बोलतच नाही, त्यावर ‘रिकामा’ अशी खूण करून टाके.

जूनचा अंक शुक्रवारी निघाला. रविवारी संध्याकाळी ती हर्सूल तलावाच्या बागेत बाकावर बसली होती. एक डोळा घसरगुंडीवर, एका कानात फोन. नवा निरोप सुरू झाला. पंख्याची घरघर, बाकी काही नाही. ती खूण करणार, इतक्यात लेक घसरगुंडीवर उलटी, डोकं खाली करून निघालेली दिसली. तनुजा धावली. लेकीला दंडाला धरून सरळ करेपर्यंत कानातला निरोप चालूच राहिला.

घरघरीत कुणाचा तरी श्वास होता. लहान, भरून आलेला. मग बाईचा आवाज आला.

“झालं का सांगून घुम्याला? आण आता फोन. सोमवारच्याला शाळा सुरू हाय… आता कुणाला सांगशील रे बाळा? घुम्या तर गेला.”

लेक ओढणी ओढत होती. तनुजा उभ्या उभ्याच जुन्या निरोपांत मागं मागं जात राहिली. तोच नंबर. दर अंकानंतर एक निरोप, आणि प्रत्येकावर तिच्या हातची खूण: रिकामा.

जानेवारीच्या निरोपात ती बाई हसत होती. “एवढं काय सांगतो रे त्याला? मला तर दिवसभरात एक शब्द सांगत नाय.” मार्चमध्ये श्वासाच्या शेवटी खुदकन हसल्यासारखं काहीतरी. एप्रिलमध्ये बाई हसत नव्हती. “पाठीवर वळ हायेत. मास्तरला इचारलं तर म्हणतात, पडला आसंल. मला नको सांगू बाबा, पण घुम्याला तरी सांग, कोण मारतंय?” त्यानंतर अर्धा मिनिट नुसता श्वास.

तिनं तिथूनच फोन लावला. बंद. घरी येऊन लावला, लेकीला भरवताना लावला. बंद. सोमवारी माडीचा जिना चढतानाही बंदच.

तिनं फोन सायलीच्या टेबलावर ठेवला आणि सगळे निरोप ओळीनं लावले. सायलीचा ब्रश हातातच राहिला. केशवकाकांनी चष्मा काढून ठेवला.

“कुठला असंल हो हा?” सायलीनं विचारलं.

“कुठलाही. आपला अंक परभणीपर्यंत जातो.”

तात्यासाहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “आणा तुमच्या घुम्याला परत. पण ऑगस्टमध्ये. जुलैची पानं प्रेसला गेली. सायलीचं शेवटचं पान तेवढं राहिलंय.”

“घ्या ताई,” सायलीनं अर्धं रंगवलेलं पान पुढं सरकवलं. “अख्खं घ्या. घुम्याला उतरवा एसटीतून.”

तनुजा त्या पानाकडं बघत राहिली. रेडा, धुरळा, धुरपाची हवेत उडालेली वेणी. चांगलं काढलं होतं. फार चांगलं काढलं होतं.

“पान नको,” ती म्हणाली. “मला धुरपा पाहिजे. घुम्याचं कोण ऐकतंय? पोरं हिचं ऐकतात.”

सायलीनं खुर्ची रिकामी करून दिली.

धुरपा लिहायला अवघड जाईल असं तनुजाला वाटलं होतं. पण बोलणं भरभर उतरलं, जसं काही वर्षभर ओठांवरच होतं. त्याचाही तिला क्षणभर रागच आला. मग तिनं फुगा मोठा केला, रेड्याचं डोकं झाकलं तरी चालेल म्हणाली, आणि शेवटपर्यंत लिहिलं:

“ए पोरांनो, आज चोर नाय पकडायचा. तुमच्या वर्गात एक पोरगं असंल, कुणाशी न बोलणारं. त्याला कुणीतरी मारतंय. उद्या सकाळी त्याच्या दारात जा. शाळेपर्यंत त्याच्या संगं चाला. तो बोलणार नाय, नसू द्या. एकटा सोडू नका. आणि घरी आलात की तुमच्या आईला नायतर बापाला सांगा, तो बरा हाय का ते. एवढं बघून याच.”