दुसरा अंतरा

डाग बारीकच होता. तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाला लागून, करंगळीच्या नखाएवढा, तेलकट. रेवतीने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि डागावरून दोनदा फिरवला. दिवसभर तिचा हात हेच करत असे. लॅबमधलं टेबल पूस, काचपट्टी पूस, रक्त काढण्याआधी माणसाचा दंड पूस. बोळा उचलला तेव्हा तो काळाकुट्ट झाला होता.

ती बोळ्याकडे बघत राहिली. धूळ इतकी काळी नसते.

जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतो ते याच मिश्रणाने. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. तिला ठाऊक होतं. तिच्या हाताला नव्हतं.

तिने दिवा जवळ ओढला. लेबलाशेजारी चार बोटं लांबीचा पट्टा निस्तेज पडला होता. बाकीची तबकडी पहिल्यासारखी चमकत होती.

पट्टा पडायचा तर नेमका तिथेच पडला. रेकॉर्ड बाहेरून आत वाजते, म्हणजे लेबलाजवळ गाण्याचा शेवट. आणि शेवटी दुसरा अंतरा. तिचे आजोबा शालिग्राम खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. नोकरी सांभाळून ते रेकॉर्डींसाठी गाणी लिहीत. लेबलावर नाव गाणारीचं असे, लिहिणाऱ्याचं नाही. त्यांच्या लेखणीचं जे काही उरलं, ते एवढं एकच गाणं. त्याचंही धृपद आणि पहिला अंतरा तेवढा घरात माहीत होता, कारण बाबा, म्हणजे रमाकांत, ते अंघोळ करताना म्हणत. दुसरा अंतरा घरात कुणालाच येत नव्हता. तो फक्त या तबकडीत होता, आणि दुसरी तबकडी कुठे असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

तबकडी बशीरचाचांची होती. गाणारी जहांआरा ही त्यांची आई. ती गेल्यापासून त्यांनी रेकॉर्ड वाजवलीच नव्हती, सुईने झिजेल म्हणून. एकदाच वाजवून लॅपटॉपवर उतरवून घेऊ, अशी रेवतीने वर्षभर मनधरणी केली तेव्हा कुठे आज ते मेहकरहून एसटीने आले, टॉवेलात गुंडाळलेली रेकॉर्ड लेकरासारखी मांडीवर घेऊन. आता दुपारच्या नमाजाला गेले होते. कुठल्याही क्षणी परत येतील.

डाग तर गेला होता. उरलेला निस्तेजपणा जुनेपणाचाही वाटला असता. चाचांची नजर आता तशी अधू झालेली. रेवतीने बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग वाकून परत काढला आणि टेबलावर ठेवला.

"झालं का वं तयार?" चाचांनी दाराशी चपला काढल्या. "तुही लॅब हाय का बर्फाचा कारखाना? बाहीर कवाडं तापले अन् तू इथं हिवाळा करून राह्यली."

"चाचा, आधी बसा."

"काऊन? माह्या रेकॉर्डचा रिपोर्ट खराब आला का?" ते हसले.

"हो. मीच खराब केला."

तिने सगळं सांगितलं. डाग, स्पिरिट, लाख. बोळाही दाखवला. चाचांनी तबकडी दोन्ही तळव्यांत धरून दिव्याखाली तिरपी केली.

"गाणं पुसलं का?"

"पुसलं नाही. तिथली लाख मऊ झालीय. आत्ता सुई फिरली तर खरवडून निघेल. महिनाभर हात नाही लावला तर परत कडक होईल. बहुतेक."

"बहुतेक!" त्यांचा आवाज चढला. "येवढी शिकली तू, अन् दारू पाजली तिले? माह्या घरात तीन सुना हायत. एकीनंबी आजवर बोट लावलं नाही."

त्यांनी तबकडी टेबलावर ठेवली.

"दे तो टॉवेल. जातो मी."

"टॉवेलात नका गुंडाळू. मऊ जागेला चिकटेल."

टॉवेल त्यांच्या हातातच राहिला. न्यायचीही सोय नाही आणि हिच्याजवळ ठेवायचीही नाही. ते खुर्चीत बसले.

"अम्मीचा आवाज कुठवर धड हाय?"

"पहिला अंतरा पूर्ण. त्यानंतर सुई उचलायची."

"मंग मी उचलीन. तू हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

रेवती हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि सांगत गेली. चाचांनी तबकडी प्लेअरवर ठेवली आणि सुई कडेला टेकवली. आधी खरखर, मग पेटी, आणि मग एक बारीक, उंच, किंचित नाकातला आवाज.

*फुटला कापूस शिवारी, सख्या वेचाया येशील का...*

बाबांची चाल थोडी वेगळी होती. बाबा 'येशील'वर थांबत नसत, ही थांबत होती. चाचांनी मान खाली घातली. पहिला अंतरा झाला. धृपद परत आलं. पेटीचा तुकडा सुरू झाला.

"चाचा, आता."

त्यांचे हात मांडीवर होते. डोळे मिटलेले.

"चाचा, उचला."

सुई आत सरकत होती. निस्तेज पट्टा दर फेऱ्याला तिच्या आतल्या अंगाने जात होता आणि प्रत्येक वेळी अंतर कमी होत होतं. पेटी थांबली. गाणारीने श्वास घेतल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

*ओटीत चांदणे...*

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अजून एक फेरा, अजून एक शब्द. कदाचित एवढ्याने काही बिघडणार नाही. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू होतं, वचन तिने चाचांना दिलेलं होतं, आणि हात न लावणं किती सोपं होतं!

तिने सुई उचलली.

तबकडी नुसतीच फिरत राहिली. चाचांनी डोळे उघडले.

"हात लावणार नाही म्हणे!"

"पुढे मऊ जागा होती."

ते उठले, तबकडी थांबायची वाट बघितली आणि तिच्यावर वाकले. पट्टा जसाच्या तसा होता. त्यावर ओरखडा नव्हता. ते परत खुर्चीत बसले.

"तुह्या आजाचं तर पुढंच होतं ना?"

"हो."

"अम्मी असाच श्वास घ्याची," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "चुलीपाशी काही म्हणाले लागली का, आधी असाच."

खालच्या बेकरीतून रेवतीने केकचा खोका आणला. लेबलाखाली पुठ्ठ्याची चकती ठेवून तबकडी अशी बसवली की पट्ट्याला कशाचाच स्पर्श होऊ नये. चाचांनी खोका मांडीवर घेतला आणि ऊन उतरेपर्यंत तसेच बसून राहिले. परत कधी आणणार, हे त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

ते जिना उतरत असतानाच बाबांचा फोन आला.

"मिळाला का दुसरा अंतरा?"

"'ओटीत चांदणे'," ती म्हणाली. "एवढंच."

बाबांनी ते दोन शब्द हळूच चालीत म्हणून पाहिले. मग विचारलं, "अन् पुढचं?"

रेवतीने खिडकीतून खाली पाहिलं. चाचा खोका छातीशी आडवा धरून, गर्दीला कोपराने बाजूला सारत स्टँडकडे चालले होते.

"पुढचं आहे, बाबा. मेहकरला चाललंय."