बेचाळिसावी पायरी

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे औषधांचा वास पोचत नाही आणि पंख्याची घरघर थांबत नाही, तिथे दोन जावा समोरासमोर बसत. थोरली सोळा वर्षं डेटाबेस सांभाळत होती. धाकटी तीन वर्षं प्रोग्राम लिहीत होती. धाकटीला इथे चिकटवलं होतं थोरलीनंच. ते ती विसरली नव्हती आणि धाकटीला विसरू देत नव्हती.

महिन्यापूर्वी साहेबांचं फर्मान निघालं. थोरली रोज हातानं जे जे करते ते तिनं पायरी-पायरीनं लिहून द्यायचं, धाकटीनं त्याची स्क्रिप्ट, म्हणजे ते सगळं आपोआप करणारा प्रोग्राम, करायची, आणि स्क्रिप्ट एकदा नीट चालली की थोरलीनं खाली चौकशीच्या खिडकीत बसायचं.

"एक्स-रे डावीकडे, रक्त उजवीकडे," थोरली नवऱ्याला म्हणाली. "एवढंच सांगायचं आता दिवसभर. तुमच्या भावजयीची कृपा."

"तिनं काय केलं? साहेबांनी सांगितलं."

"घ्या, तिचीच बाजू घ्या."

तिनं यादी लिहिली. सकाळी बॅकअप झाला का बघणे, डिस्कवर जागा किती उरली ते बघणे, सोडून गेलेल्या डॉक्टरांचे पासवर्ड बंद करणे, सोमवारी एकाच रुग्णाच्या दुबार नोंदी एकत्र करणे. अशा एक्केचाळीस पायऱ्या. बेचाळिसावी लिहिली नाही.

ती अशी होती. नवजात बाळाला नाव नसतं. नोंदीत आईचं नाव, 'मुलगी', तारीख, पत्ता, फोन. जुळ्या झाल्या की दोन ओळी एकीखाली एक, एकाच आईच्या नावाखाली पाय दुमडून झोपलेल्या. जन्मवेळ आणि वजन वेगळं असतं, पण यंत्र ते ताडून बघत नाही; त्याला त्या एकच दिसतात. म्हणून प्रसूती विभागाची सिस्टर थोरलीला फोन करायची, "बाई, जोडी आहे," आणि थोरली त्या दोघींना दुबारच्या यादीतून अलगद बाजूला काढायची. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. थोरलीच्या कानात होतं.

एकदा आपटू दे धाकटीला तोंडावर, तिला वाटलं होतं. मग येतील सगळे विचारत.

सोमवारी अकराला स्क्रिप्ट पहिल्यांदा चालणार होती. पावणेअकराला फोन वाजला.

"बाई, जोडी आहे. दोघी मुलीच. एकीची साखर सारखी उतरतेय, औषध चालू केलंय. दुसरी ठणठणीत."

थोरलीनं फोन ठेवला. स्वतः काही थांबवावं तर तिचे अधिकार शुक्रवारीच काढून घेतलेले. दहा मिनिटं ती नुसती बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. मग ती उठली.

"थांबव ते."

"काय?" धाकटीनं मान वर केली नाही.

"स्क्रिप्ट. जुळ्या आल्यात. त्यांची एक होईल."

"यादीत तसलं काही नाही, ताई. एक्केचाळीस पायऱ्या, तुमच्याच अक्षरात. मी दोनदा विचारलं, काही राहिलंय का? तुम्ही म्हणालात, वाचता येतं ना तुला?"

"म्हणाले होते."

"मग आता साहेबांना काय सांगू? ताईंचा जीव खाली-वर होतोय, म्हणून थांबवली?"

शेजारचा नेटवर्कवाला फिसकन हसला. घड्याळात तीन मिनिटं उरली होती.

"ती पायरी मी लिहिली नाही," थोरली म्हणाली. आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "मुद्दाम. तुझी फजिती व्हावी म्हणून."

नेटवर्कवाला एकदम स्क्रीनमध्ये शिरला. धाकटीनं स्क्रिप्ट थांबवली. दुबारची यादी उघडली, त्या दोन ओळी बघितल्या. मग टायपायला लागली. आई एक, तारीख एक असेल तर जन्मवेळ आणि वजन बघ. वेगळं असेल तर हात लावू नकोस. चार ओळी. सोळा वर्षांचं लक्ष चार ओळींत मावलं. थोरलीला ते बघवेना आणि नजरही काढता येईना.

"आजारी पोरीचं औषध दुसरीला गेलं असतं," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. "मला घरात पाण्यात बघता, खुशाल बघा. पोरींना मधे कशाला आणलंत?"

"वेळेत सांगितलं ना?"

"ह्याला वेळेत म्हणतात?"

वीस मिनिटं उशिरा स्क्रिप्ट चालली. साडेसातशे दुबार नोंदी एकत्र झाल्या. त्या दोघी वेगळ्या राहिल्या. धाकटीनं साहेबांना मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मोठ्यानं वाचला.

"'स्क्रिप्ट नीट चालली. एक पायरी थोरल्या बाईंनी मुद्दाम लपवली होती. आज त्यांनीच सांगितली.' बरोबर आहे ना?"

"शेवटचं वाक्य काढ. तुझे उपकार नकोत मला."

"उपकार कसले? झालं तसं लिहिलंय."

तिनं बटण दाबलं.

संध्याकाळी धाकटी लिफ्टनं उतरली, थोरली जिन्यानं. जायचं एकाच घरी होतं, तरी.