ठेवणीतले कप

पन्नाशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, म्हणणारा एकटा दादाच उरला होता. थोरला भाऊ. आईवडील गेले, दोघांचीही लग्नं राहून गेली आणि खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मागे चिमूटभर अंगण एवढं घर या दोघांच्या वाट्याला आलं. दादाला दिसत नव्हतं. चाळिशीत नजर अधू व्हायला लागली, आणि डॉक्टरांनी हात टेकले तोवर पार गेली. पण त्या घरात तुम्ही त्याला पाहिलं असतंत ना, तर या माणसाला दिसत नाही यावर पैज हरला असतात. जिना असा चढायचा की बेबी मागे पडायची. मागच्या खोलीत बसून लोकांच्या इस्त्र्या, पंखे, मिक्सर नुसत्या बोटांनी दुरुस्त करायचा. कुठला स्क्रू कुठल्या डब्यात, डबा कुठल्या फळीवर, सगळं त्याच्या हाताला पाठ. बेबीने एकदा झाडताना स्टूल हातभर सरकवलं, तर स्वारी दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

"हे घर म्हणजे माझे डोळे आहेत, बेबी," संध्याकाळी राग उतरल्यावर तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांत झाडू घालत जाऊ नकोस."

तर अशा या घरावर सरकारची मेहेरनजर वळली. करात सुधारणा होणार, सामान्य माणसाला दिलासा मिळणार, असं टीव्हीवर आठवडाभर चाललं होतं. दिलासा म्हटलं की मी तर आधी पर्स घट्ट धरते. आधी घरपट्टी घराच्या आकारावर होती, आता ती जागेच्या किमतीवर आली. बेबीच्या गल्लीत मोठमोठी दुकानं आली होती, समोर काचेची इमारत उठली होती, त्यामुळे कागदोपत्री तिचं घर सोन्याचं झालं होतं. त्या सोन्याचा बेबीला काय उपयोग? भिंतीचा पोपडा काढून तर कुणी वाण्याला देत नाही! नवी घरपट्टी तिच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी झाली. उरलेल्या आठ महिन्यांच्या पगारात दोघांचं वर्ष काढायचं, त्यात दादाची औषधं, म्हणजे नाकी नऊच.

सुधारणेत दोन सवलती होत्या. घर कलेसाठी लोकांना खुलं केलं, तर कर पूर्ण माफ. आणि घरात पूर्णपणे परावलंबी माणूस असेल, तर निम्मा माफ. पहिली सवलत कुणासाठी लिहिली होती ते लिहिणाऱ्यालाच माहीत. दुसरी वाचून बेबीचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच अर्ज केला. निम्मा कर कसाबसा भरता आला असता. उरलेला निम्मा सुटला की घर राहणार होतं, आणि घर राहिलं की दादा दादा राहणार होता. तपासनीस घरी येऊन बघून जाईल, असं उत्तर आलं.

बेबी ज्यांच्याकडे कामाला होती त्या मालकांनीही अर्ज केला होता. अर्थातच पहिल्या सवलतीचा. मालकांचं घर म्हणजे टेकडीवरचा बंगला, आणि बेबी तिथे तळमजल्यावरच्या ऑफिसात हिशेब आणि पत्रव्यवहार बघायची. ऑफिसात तिला सगळे 'बाई' म्हणत. तपासणीच्या दिवशी सकाळी ती पोचली तर बंगला ओळखू येईना. गालिचे गुंडाळून माळ्यावर गेलेले, झुंबर उतरवलेलं, दोन्ही मोठ्या गाड्या मालकांच्या मेहुण्याकडे धाडलेल्या. फाटकावर पाटी लागली होती, 'सार्वजनिक कलादालन, मंगळवारी दुपारी उघडे'. रंग अजून ओला होता. आणि मालक! मालक कोपरावर विरलेला स्वेटर घालून जिन्यात उभे होते. तो स्वेटर त्यांनी माळ्याकडून आणला होता, हे माळीच सगळ्यांना कौतुकाने सांगत होता.

"बाई," मालकांचा करसल्लागार म्हणाला, "जरा पर्स घेऊन त्या घोड्याच्या चित्रासमोर उभ्या राहा. प्रेक्षक हवेत."

"आणि ऑफिसचं काम?"

"हेच आजचं काम."

मग स्वयंपाकीण, ड्रायव्हरची बायको आणि बेबी, तिघी जणी घोड्यासमोर उभ्या राहिल्या. स्वयंपाकिणीला हसू आवरेना. तपासनीस आला. थकलेला, पोटाचा त्रास असलेला, बोलायला सभ्य माणूस होता. त्याने दारातून आत डोकावलं, तिन्ही पाठी पाहिल्या, वळून पाहणाऱ्या बेबीकडे बघून मान डोलावली आणि ओसरीवर बसला. मालकांनी त्याला टवका उडालेल्या कपात चहा दिला आणि कला जगवताना आपण कसे कर्जबाजारी झालो ते सांगितलं. माणूस चहा संपवून गेला. सही झाली होती. बंगल्याचा कर माफ, अगदी पूर्ण!

हे सगळं बेबीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आणि तरी काही म्हणून शिकली नाही हो! तिसऱ्या दिवशी तोच तपासनीस तिच्या घरी यायचा होता, तर या बाईसाहेबांनी काय करावं? रजा काढली. पडदे धुतले, फरशी घासली, चादरी बदलल्या, दाराच्या कड्या पितांबरीने लखलखीत केल्या. आईचे ठेवणीतले कप काढले, पांढरे, निळ्या काठाचे, जे पाहुणा आल्याशिवाय कपाटाबाहेर येत नसत. कुणी घरी येणार म्हटल्यावर घर नीट दिसलं पाहिजे, यापलीकडे तिच्या डोक्यात काही आलंच नाही. आपल्यातल्या कितीजणींच्या आलं असतं, सांगा बघू?

दादाचीही तीच तऱ्हा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळपासून तयार.

"दादा, तू नुसता बसून राहा हं," बेबी म्हणाली. "ते विचारतील तेवढंच सांग."

"म्हणजे आजाऱ्यासारखा?"

तिला 'हो' म्हणता आलं नाही. सख्ख्या भावाला लाचार दिस म्हणून कसं सांगायचं? "तसं नाही रे," एवढंच ती म्हणाली.

तपासनीस आला तो दारातच थबकला. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी."

बेबीला तो घोडा आठवला. खरं सांगावं तर मालकांचं बिंग फुटणार आणि नोकरी जाणार. "मी... चित्रं बघायला जाते कधीकधी," ती म्हणाली. "आवड आहे."

"वा," तपासनीस म्हणाला आणि आत आला. त्या दिवशी ती एकच खोटं बोलली, तेही मालकांसाठी.

आणि मग दादाने जे सुरू केलं ते थांबवणं देवाच्याही हातात नव्हतं. तो स्वतः उठला, खुर्ची पुढे केली, स्वयंपाकघरात गेला आणि ठेवणीतल्या कपांत चहा ओतून ट्रे घेऊन आला. एक थेंब सांडला नाही. तपासनीस बघतच राहिला. "यांना अजिबात दिसत नाही?"

"अजिबात," दादा खुशीत म्हणाला. "चला, वरची खोली दाखवतो." बेबी "अरे, राहू दे" म्हणेपर्यंत तो जिन्यावर होता आणि कठड्याला हातही न लावता वर पोचला. खाली येऊन त्याने तपासनिसाला मागच्या खोलीत नेलं, उघडलेला पंखा दाखवला, कुठली तार कुठे जाते ते समजावलं.

"यातून काही मिळतं का?" तपासनिसाने विचारलं.

आता खरं म्हणजे दादाला जे मिळायचं त्यात त्याची औषधंसुद्धा येत नसत. पण पाहुण्यापुढे घरची गरिबी काढायची त्याला सवय नव्हती. "भरपूर!" तो म्हणाला. "निम्मं घर मीच चालवतो म्हणा ना."

बेबी दारातून बघत होती. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा फुलला होता. ती बोलली असती तर तपासनीस कदाचित मानला असता, पण मग दादाला दादासमोरच पांगळा म्हणावं लागलं असतं. तिची जीभ रेटली नाही.

तपासनीस गेल्यावर दादाने हात चोळत विचारलं, "काय गं, झालो ना पास?"

"पहिल्या नंबराने," बेबी म्हणाली आणि कप विसळायला मोरीकडे गेली. तिथे तिला रडू फुटलं.

निकाल महिन्याभरात आला. सदर व्यक्ती परावलंबी नाही, घर सुस्थितीत, कुटुंबास कलेची आवड, अर्ज नामंजूर. तिने वरच्या कचेरीत खेटे घातले. तिथल्यांनी कानांवर हात ठेवले. वर्षभर तिने जिवाचा आटापिटा केला, आईच्या बांगड्या मोडल्या, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या, आणि दुसऱ्या वर्षाची घरपट्टी आली तेव्हा कपाळाला हात लावून बसली.

मालक मात्र देवासारखे धावून आले. निदान ते स्वतः तसं म्हणाले. त्यांच्या कलादालनाला चित्रं ठेवायला जागा हवीच होती. त्यांनी घर घेतलं. घाईत विकणाऱ्याला जो भाव मिळतो तोच दिला. कलादालनाची मालमत्ता म्हणून घराची घरपट्टी पूर्ण माफ झाली. त्या माफीचा अर्ज ऑफिसात बेबीलाच टाइप करायला लागला. त्या घरात आजवर एक चित्र आलेलं नाही. दाराला कुलूप आहे, आणि समोरची काचेची इमारत या जागेवरही वाढवायची बोलणी चालू आहेत.

भावंडं गावाबाहेरच्या एका इमारतीत, घराच्या पैशांत घेतलेल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आली. त्याचीही घरपट्टी होतीच. बेबीने पुन्हा सवलतीचा अर्ज केला, फारशी आशा न ठेवता.

त्या फ्लॅटमध्ये दादाला काही म्हणता काही सापडेना. साठीच्या माणसाने नवं घर हातांना शिकवायचं म्हणजे सोपं आहे का? पहिल्या आठवड्यात तो दाराच्या चौकटीवर आपटला, पुढच्या आठवड्यात मोरीत घसरला. स्क्रूचे डबे खोक्यातच राहिले, दुरुस्तीला इतक्या लांब कोण येतंय? हळूहळू त्याने फिरणं सोडलं. सकाळी बेबी त्याला खिडकीजवळच्या खाटेवर बसवून कामावर जायची, संध्याकाळी येऊन बघायची तर तो तिथेच. जेवणाचा डबाही कधीकधी तसाच, कारण चमचा कुठेतरी खाली पडलेला असायचा आणि तो शोधताना त्याचं जेवायचं मन उडून जायचं.

तपासनीस पुन्हा तोच आला. बेबीने या खेपेला पडदे धुतले नव्हते. त्यात डावपेच काही नव्हते, अंगात त्राणच उरलं नव्हतं. पण कप मात्र तिने ठेवणीतलेच काढले. सवय कुठे जाते?

"अरे, तुम्ही!" आवाज ओळखून दादाचा चेहरा क्षणभर उजळला. "बसा बसा. चहा मी आणतो."

"दादा, मी आणते," बेबी म्हणाली, पण तो उठला होता. जुन्या घरात स्वयंपाकघर डाव्या हाताला होतं. तो डावीकडे गेला. तिथे भिंत होती. त्याने भिंतीवरून हात फिरवला, खाली, वर, पुन्हा खाली, दार शोधत, आणि दार काही मिळेना. "इथेच होतं," तो पुटपुटला. तपासनिसाने पेन खाली ठेवलं, उठून त्याच्या कोपराला धरलं आणि अलगद खाटेवर आणून बसवलं. मग मान खाली घालून त्याने कागदावर लिहिलं. बेबीला ते उलटं वाचता आलं. पूर्णपणे परावलंबी.

चहा कुणीच घेतला नाही. तपासनीस निघून गेल्यावर बेबी कप गोळा करू लागली.

"बेबी," दादाने विचारलं, "या वेळी तरी झालो का गं पास?"

"झालास, दादा," ती म्हणाली.