घरी विचारून सांगते

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे, आणि सगळ्यात आधी सांगून टाकते, मी भित्री आहे. जाड पुठ्ठा, पोटात दोन पोलादी कड्या, पाठीवर नाव लिहायची पांढरी पट्टी, असा माझा दणकट अवतार पाहून कोणाला ते पटत नाही. पण हा स्वभाव मी कारखान्यातून आणलेला नाही. तो मला माझ्या बाईंच्या हातांतून लागला.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. आठवते ते इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या हाय स्ट्रीटवरचे स्टेशनरीचे दुकान आणि तिथली सर्वांत खालची फळी. २००४ सालच्या ऑगस्टमध्ये एका बाईंनी मला उचलले आणि खटका दाबला. कड्या टक्कन उघडल्या, तर बाई स्वतःच दचकल्या. त्याच सुलक्षणाबाई. शेजारी त्यांची अकरा वर्षांची मायरा होती.

"आई, हा फाईल घे ना. ब्लू चांगला आहे. आणि तू एवढी नर्व्हस का आहे?"

"नर्व्हस कुठे आहे मी?" बाई म्हणाल्या. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला होता, त्यामुळे मला खरे काय ते कळले.

बाईंनी कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले होते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, म्हणजे कमलाकररावांबरोबर, त्या इथे आल्या आणि सहा वर्षे ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका वेअरहाऊसमध्ये खोक्यांना चिकटपट्ट्या लावत राहिल्या. शिकवायची हौस मात्र गेली नव्हती. मग त्यांना कळले की कॉलेजात न बसता शिक्षक व्हायची एक वाट इथे आहे. तिला ग्रॅज्युएट टीचर प्रोग्रॅम म्हणतात. शाळेत नोकरी करता करताच शिकायचे. पण आधी एखाद्या शाळेने ठेवून घ्यायला हवे, आणि आपल्याला शिकवता येते याचे पुरावे वर्षभर गोळा करायला हवेत. चाळीसेक अटी, आणि प्रत्येकीला कागदी पुरावा! ते कागद पोटात सांभाळायला माझी नेमणूक झाली. बाईंनी अकरा शाळांना पत्रे लिहिली होती. एकीने हो म्हटले, तेही एकाच वर्षापुरते.

पहिल्या दिवशीची फजिती ऐका. बाई मला छातीशी धरून नववीच्या वर्गाच्या दाराशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. मुले उठून उभी राहतील, 'गुड मॉर्निंग' म्हणतील, मग आपण आत जाऊ, अशी त्यांची समजूत. कोल्हापूरला तसेच होते ना! इथे तीस मुलांपैकी एकही उठले नाही. कोणी पेन फेकत होते, कोणी बाकावर बसून केस विंचरत होते. पुठ्ठ्यातून मला बाईंच्या काळजाची धडधड कळत होती, आणि त्या दिवसापासून मलाही धडधड सुरू झाली.

मागच्या बाकावर नीना बसली होती. विज्ञान विभागाची प्रमुख, जन्माने स्लाऊची, आईवडील ठाण्याचे. बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बाईंना शिकवायचे काम तिचे.

"सुलक्षणाताई, इथे कोणी उभं नाही राहत हो," ती नंतर म्हणाली. "यू जस्ट वॉक इन. तुम्ही आत जायचं आणि रूम तुमची करायची."

"आणि नाही ऐकलं त्यांनी तर?"

"तरी आतच थांबायचं. बाहेर नाही यायचं."

माझ्या पोटात शिरलेला पहिला कागद नीनाचाच. त्यावर लिहिले होते, आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.

पुढचे महिने आम्ही दोघींनी जीव मुठीत धरून काढले. मिसला फाईलशिवाय चालताच येत नाही, असे मुले चिडवत, आणि ते खरेच होते. पण कागद वाढत गेले, तसा त्यांवरचा मजकूरही बदलत गेला. फेब्रुवारीत विद्यापीठाचे एक गृहस्थ तपासणीला आले. त्यांनी मला शेवटपर्यंत चाळले आणि म्हणाले, "इतकी नीटनेटकी फाईल मी यंदा पाहिली नाही." माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. आधीच माझे पोट सुटलेले होते, कड्या जेमतेम मिटत होत्या.

पण जुलैत वर्ष संपणार होते आणि सप्टेंबरपासूनच्या नव्या शालेय वर्षासाठी नोकरी नव्हती. बाईंनी तीन शाळांत मुलाखती दिल्या. तिन्हीकडून नकार आला. त्यात एका संध्याकाळी जेवताना कमलाकरराव, जे अजून त्याच वेअरहाऊसमध्ये होते, खाली बघतच म्हणाले, "आमचा सुपरवायझर विचारत होता. तुझी जागा परत मिळेल, पण मेअखेर सांगायला हवं. हातची सोडू नये असं मला वाटतं. बघ, तू ठरव."

बाईंचा घास हातातच राहिला. मी शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांना इतके घाबरलेले मी कधीच पाहिले नव्हते. वर्गाची भीती तरी रोज थोडी कमी व्हायची. पुन्हा खोक्यांपाशी जाऊन उभे राहायचे, एकदा गेलो की आता कायमचेच, ही भीती रोज वाढत होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चौथी मुलाखत आली. इकडची रीत मोठी जिवावरची आहे. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी बोलावतात आणि एकाच खोलीत बसवतात. मग अनोळखी वर्गावर धडा घ्यायचा, मग मुलाखत. निकाल त्याच दुपारी, सगळ्यांच्या देखत. चार उमेदवार होते. बशीत बिस्किटे होती. कोणी खात नव्हते.

बाईंचा धडा छान झाला. चुन्याच्या निवळीत मुलांनी नळीने फुंकर मारली, पाणी दुधाळ झाले आणि वर्ग चकित झाला. मुलाखतही बरी चालली होती. शेवटी मुख्याध्यापिकेने चष्मा काढून विचारले, "ही जागा आज तुम्हाला देऊ केली, तर तुम्ही घ्याल?"

आता बाईंच्या घरचे वळण ऐका. कोणी काही देऊ केले की त्यावर झडप घालायची नाही. चहासुद्धा दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. स्थळ असो की नोकरी, मनात लाडू फुटत असले तरी बोलण्यात घाई दिसता कामा नये. बाई विनयाने हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "थँक यू. घरी विचारून सांगते."

मुख्याध्यापिकेने कागदावर एक ओळ लिहिली आणि पेनाला टोपण लावले. मी बाईंच्या मांडीवर होते. त्या टोपणाचा आवाज ऐकून माझ्या काळजात धस्स झाले. बाईंना मात्र काहीच कळले नाही. परत खोलीत येऊन त्यांनी खिडकीशी उभे राहून नीनाला फोन लावला आणि सगळे उत्साहाने सांगितले.

फोनमधून नीनाचा आवाज मलाही ऐकू आला. "ओ माय गॉड! अहो ताई, असं कसं म्हणालात? इथे तो प्रश्न म्हणजे फायनल असतो. यू बेसिकली सेड नो!"

"अगं, पण मी नाही कुठे म्हटलं?"

"त्यांना तसंच वाटणार. आता ते दुसऱ्या कुणाला देतील. ताई, परत जा. राइट नाऊ!"

बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. न बोलावता साहेबांच्या खोलीत जायचे? आपणहून मागायचे? त्यांच्या सात पिढ्यांत कोणी असे केले नव्हते. त्यांनी मला घट्ट धरले, दोन पावले टाकली, थांबल्या. मग त्यांनी मला खुर्चीवर ठेवले आणि रिकाम्या हातांनी बाहेर गेल्या.

वर्षभरात पहिल्यांदाच बाई माझ्याशिवाय गेल्या होत्या. माझी तर बोबडीच वळली. एवढे चाळीस पुरावे माझ्या पोटात, आणि ऐन वेळी त्यांतला एकही त्यांच्या हाताशी नाही! बाकीचे तिघे एकमेकांकडे बघत होते. कुणाचा तरी चमचा कपात फिरत राहिला होता.

आत काय झाले ते मी संध्याकाळी ऐकले. बाईंनी कमलाकररावांना उभ्या उभ्याच सांगितले. "मी म्हटलं, मघाशी मी फक्त रीत म्हणून बोलले. मला ही नोकरी हवी आहे. फार हवी आहे. त्या म्हणाल्या, मग घरी विचारायचं होतं ना? मी म्हटलं, घरी सांगेन. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं."

"म्हणजे विचारलं नाहीस?"

"नाही. हो म्हणून आले."

कमलाकररावांनी खुर्ची मागे सरकवली. आता हे रागावणार, या भीतीने मी कड्या गच्च मिटून बसले. मग ते हळूच म्हणाले, "बरं झालं नाही विचारलंस. मी घाबरून नको म्हणालो असतो."

बाई खुर्चीत बसल्या आणि रडू लागल्या. मायरा धावत आली, "व्हॉट हॅपन्ड? आई, बॅड न्यूज आहे का?" बाईंनी नुसती मान हलवून तिला जवळ घेतले.

जुलैत बाई रीतसर शिक्षिका झाल्या आणि माझे काम संपले. आता पाच वर्षे मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या खोक्याखाली पडून आहे. कड्यांना गंज चढला आहे. मला कोणी उघडत नाही, आणि खरे सांगू, त्याचे वाईट वाटते. पण बाई भिंतीपलीकडे शिकवत असतात, आणि त्यांचा आवाज बंद कपाटातही स्पष्ट येतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. माझे मागणे वेगळेच आहे. एखाद्या सकाळी तुमच्या वर्गात नवीन बाई येतील. त्यांनी एखादी फाईल छातीशी गच्च धरली असेल. तेव्हा हसू नका. त्या तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या असतात, हे मी पुठ्ठा ठोकून सांगते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की हात वर करा. उत्तर चुकले तरी चालेल.